व्हिसाची मुदत, हमीची रक्कम आणि परतीची वाट

अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये काही देशांच्या पर्यटकांकडून व्हिसा देण्यापूर्वी 5, 10 किंवा 15 हजार डॉलरची हमी घेण्याचा प्रयोग सुरू केला. मलावी आणि झांबियापासून सुरू झालेली यादी 2026 च्या आरंभी बांगलादेश आणि नेपाळपर्यंत पोहोचली. भारताचे नाव तेव्हा तीत नव्हते. तरीही जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याकडच्या आमच्या नातलगांत ‘उद्या आपल्यावरही ही वेळ येईल’ अशी धास्ती आहे, कारण 15 हजार डॉलर म्हणजे 13 लाखांहून अधिक रुपये, आणि नातवंडांना भेटायला निघालेल्या शेतकऱ्याने एवढी रक्कम आणायची कुठून? त्याच घरांत भारताच्या नव्या कायद्याविषयी मात्र वेगळा सूर लागतो. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या या कायद्याने व्हिसाच्या मुदतीपलीकडे राहणाऱ्या परदेशी नागरिकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 3 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि एवढ्याने काय होणार, असे तिकडे पुष्कळांचे म्हणणे आहे.

मुदत संपल्यावर पाहुण्याने परत जावे, याबद्दल माझे दुमत नाही. मी मेलबर्नमध्ये राहतो आणि येथे हा नियम कडकपणे पाळला जातो, याचे मला समाधानच आहे. परंतु माणसाची पारख त्याच्या पासपोर्टवरून करणे मला मान्य नाही. ब्रिटनने 2013 मध्ये भारतासह 6 देशांच्या पाहुण्यांकडून 3,000 पौंडांची हमी घेण्याचे ठरवले होते. भारतात त्याविरुद्ध ओरड झाली आणि त्याच वर्षी तो बेत गुंडाळला गेला. आपल्याला तेव्हा जे अपमानास्पद वाटले, ते नेपाळच्या कुटुंबालाही आज तसेच वाटत असणार.

हमीची पद्धत ऑस्ट्रेलियातही आहे. येथील नातलगाच्या जबाबदारीवर दिल्या जाणाऱ्या व्हिसासाठी अधिकारी एकेका पाहुण्यामागे 5 ते 15 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर ठेवून घेऊ शकतात. पाहुणा वेळेत परतला की पैसे परत मिळतात. न परतल्यास पैसे तर जातातच, शिवाय त्या नातलगाला 5 वर्षे दुसऱ्या कोणालाही बोलावता येत नाही. रक्कम मागायची की नाही, हे फाइल पाहून ठरते, म्हणून ही पद्धत मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते. अर्थात फाइल वाचणाऱ्यालाही मर्यादा असतातच. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कागदपत्रांत सातबारा उतारा हमखास असतो, पण वाटणी झालेली नसल्याने त्यावर अजून आजोबांचे नाव असते. पावसाळा सरताना लावलेली केळीची बाग, म्हणजे कांदेबाग, घड धरायच्या बेतात असताना हा माणूस परक्या शहरात फार दिवस रमणार नाही, हे कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही. म्हणून पूर्वी येऊन वेळेत परत गेल्याची नोंद हा सर्वांत भरवशाचा पुरावा मानला जावा, असे मला वाटते.

शिक्षा वाढवली की लोक आपोआप परततात, या समजुतीला अमेरिकेचाच अनुभव छेद देतो. तेथील 1996 च्या कायद्यानुसार 180 दिवसांहून अधिक बेकायदा राहिलेल्याला 3 वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिलेल्याला 10 वर्षे प्रवेशबंदी होते. मात्र ही बंदी देश सोडल्यावर लागू होते. म्हणजे ज्याच्या हातून एकदा मुदत टळली, त्याला घरी जाणे हेच सर्वांत महाग पडते, आणि आई-वडिलांच्या अंत्यविधीलाही न जाता तो तेथेच दडून राहतो. ऑस्ट्रेलियात मुदत संपल्यानंतर 28 दिवसांच्या आत निघून गेलेल्याला 3 वर्षांच्या बंदीतून सूट मिळते, आणि निघण्याची तयारी करण्यापुरता तात्पुरता ब्रिजिंग व्हिसाही मागता येतो. चुकलेल्याला वेळीच बाहेर पडण्याची वाट ठेवली, तर पुष्कळ जण तीच धरतात. शिवाय येथे जाणाऱ्या प्रत्येकाची विमानतळावर नोंद होते, त्यामुळे कोण राहिला हे सरकारला नेमके कळते. अमेरिकेच्या विमानतळांवर आपल्याकडल्यासारखी जाताना शिक्का मारणारी खिडकी नाही, आणि माझ्या मते हमीच्या रकमेपेक्षा ही उणीव मोठी आहे.

भारतात अशी खिडकी आहे, आणि 1946 च्या जुन्या कायद्यात तर 5 वर्षांपर्यंत कैद होती. नव्या शिक्षेला अपुरी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण 5 वर्षांच्या धाकानेही मुदतीपलीकडे राहणारे थांबले नाहीत. खरे काम तालुक्या-जिल्ह्याच्या पातळीवर आहे. अजिंठा पाहायला आलेले परदेशी पाहुणे जळगावात मुक्काम करतात आणि त्यांची माहिती 24 तासांत कळवणे हॉटेलवाल्यावर बंधनकारक असते. नव्या कायद्याने रुग्णालये आणि विद्यापीठांवरही माहिती कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. मुदत संपायच्या आत त्या पाहुण्याला वाढीव मुदत किंवा देश सोडण्याचा परवाना ऑनलाइन मागता येतो, हे त्याला सांगायचे कोणी? रुग्णालयात नोंदणी करणाऱ्या कारकुनाला आणि हॉटेलच्या व्यवस्थापकाला ही माहिती साध्या मराठीत लिहून द्यावी, आणि आजारपणामुळे अडकलेला परदेशी रुग्ण व जाणूनबुजून दडलेला माणूस यांच्यात कागदोपत्री फरक करण्याची मोकळीक जिल्हा पोलिसांना असावी. आपल्या वडीलधाऱ्यांसाठी परदेशी दूतावासांकडून आपण एवढीच अपेक्षा करतो.