घोडा सोडून बाकी सारे

दर वर्षी फेब्रुवारी संपता संपता टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहराच्या अंगात येते. १९३२ साली पहिल्यांदा भरलेला इथला जनावरांचा मेळा आणि त्याला जोडून होणारा रोडिओ, म्हणजे घोड्या-बैलांवरच्या कसरतींच्या स्पर्धा, सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी ‘गो टेक्सन डे’ साजरा होतो. आसपासच्या गावांहून निघालेले घोडेस्वारांचे तांडे छकडे घेऊन त्या सुमारास शहरात शिरतात, बालवाडीतली मुले चौकड्यांच्या शर्टांत शाळेला जातात, आणि ज्यांचा घोड्याशी संबंध बुद्धिबळाच्या पटाबाहेर कधी आलेला नाही अशा माझ्यासारख्या लोकांनाही, शुक्रवारी वेस्टर्न पोशाखात, म्हणजे काउबॉयच्या थाटात यावे, अशी कार्यालयाची सूचना येते.

‘‘काही अवघड नाही, एक साधा पांढरा टी-शर्ट घाल, बाकीचे आपोआप जमते,’’ असे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितले. टी-शर्ट घरात होता. पुण्याला गेले असताना फर्ग्युसन रस्त्यावर घासाघीस करून घेतलेला, जाड सुती, गोल गळ्याचा, कोणतेही अक्षर किंवा चित्र नसलेला. बाकीचे जमवण्यासाठी मात्र संपूर्ण शनिवार, एक भलेमोठे दुकान आणि माझ्या नवऱ्याची सहनशक्ती खर्ची पडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, त्यातला मसाला नक्की किती प्रकारचा असू शकतो, हे मला त्या दुकानात कळले.

पहिला प्रश्न टी-शर्ट खोचण्याचा. बाहेर सोडला तर नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसते, पूर्ण खोचला तर शाळेच्या कवायतीला निघाल्यासारखे, म्हणून फक्त पुढचा भाग खोचून मागचा मोकळा सोडावा, असे विक्रेत्या मुलीने सुचवले. पण पुढे खोचला की पट्टा दिसू लागतो, आणि पट्टा दिसू लागला की त्याला साजेसे बक्कल हवे. हे बक्कल बशीएवढे, लंबगोल, नक्षीदार असते. मुळात ते रोडिओची स्पर्धा जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून देतात, म्हणजे विकत घेऊन ते मिरवणे हा शुद्ध आगाऊपणाच. तरी घेतले. उभे असताना ते फार रुबाबदार दिसते. बसले की मात्र त्याची वरची कड थेट पोटात रुतते, आणि माझी नोकरी बसून करायची आहे.

मग बोलो टाय. वेणी घातलेली चामड्याची दोरी, तिच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या आणि गळ्याशी वरखाली सरकणारे फिरोजा खड्याचे पदक. टेक्सस राज्याने २००७ साली या टायला आपला अधिकृत टाय ठरवले, आणि त्याच वर्षी काउबॉय बुटांनाही अधिकृत पादत्राणाचा मान दिला. पण टायला कॉलर लागते आणि माझ्या टी-शर्टला ती नव्हती. उघड्या मानेवर दोरी टोचू लागली, म्हणून टी-शर्टवर उघडा घालायला एक वेस्टर्न शर्ट आला. या शर्टाला टिचकन उघडणारी चापाची बटणे असतात. डेन्व्हरच्या जॅक वाइल नावाच्या गृहस्थांनी १९४६ साली कंपनी काढून ही बटणे लोकप्रिय केली. शर्ट खोगिरात किंवा बैलाच्या शिंगात अडकलाच, तर बटणे पटापट उघडून माणूस सुटावा, हा त्यांचा उपयोग सांगतात. आमच्या कार्यालयात अडकण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सोमवारची बैठक, आणि तिच्यातून सोडवणारे बटण अजून कोणी काढलेले नाही.

इथवर आल्यावर माझ्या ध्यानात आले, की या पोशाखातली प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या कामासाठी जन्माला आलेली आहे आणि ते काम माझ्याकडे नाही. गळ्यातला रुमाल गुरांच्या पायांखालून उडणारी धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून, बुटाचे टोक रिकिबीत पटकन शिरावे म्हणून, उंच टाच त्यातून पाय आरपार निसटू नये म्हणून. सुएडच्या, म्हणजे मऊ लवदार चामड्याच्या जाकिटाच्या झालरीसुद्धा पावसाचे पाणी निथळावे म्हणून असतात म्हणे. माझ्या जाकिटाच्या झालरींनी मात्र सकाळीच गाडीच्या सीटबेल्टच्या कुलपात शिरून ते अडवले, नंतर फिरत्या खुर्चीच्या चाकांत स्वतःला गुंडाळून घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत वितळलेल्या चीजच्या वाडग्यात एकेक करून आंघोळ केली. त्यात ह्यूस्टनची हवा फेब्रुवारीतही मुंबईची आठवण करून देणारी, दमट. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

टोपीविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. पसरट काठाची ही टोपी घालून मोटार चालवता येत नाही, कारण मागचा काठ सीटच्या उशीला टेकतो आणि टोपी पुढे सरकत डोळ्यांवर येते. काढून ठेवावी, तर ती नेहमी उलटी, डोक्याच्या बाजूवर ठेवायची, नाहीतर काठाचा आकार बिघडतो, आणि पलंगावर तर मुळीच ठेवायची नाही, तो अपशकुन समजतात. आमच्या घरात उंबऱ्यावर शिंकण्यापासून रात्री नखे कापण्यापर्यंत अपशकुनांचा साठा पुरेसा असताना त्यात परदेशी भर घालायला माझा विरोध होता, परंतु नवऱ्याने टोपी लगेच पलंगावरून उचलून फ्रिजवर ठेवली.

माझे स्पष्ट मत असे, की साध्या टी-शर्टावर यातल्या फार तर दोन वस्तू शोभतात, बूट आणि पट्टा, किंवा टोपी आणि रुमाल. तिसरी चढली की माणूस नाटकातला वाटतो, आणि मी एव्हाना संपूर्ण नाटक कंपनी होते. त्या दिवशी कार्यालयात ज्याच्याकडे सगळे आदराने पाहत होते, त्या हिशेब विभागातल्या माणसाच्या अंगावर धुवून धुवून विटलेला पांढरा टी-शर्ट, जीन्स आणि टाचा झिजलेले बूट एवढेच होते, आणि डोक्यावर चाऱ्याच्या दुकानात फुकट मिळालेली कॅप. पोशाख कसा जमवला, असे विचारल्यावर तो म्हणाला, की सकाळी गायींना गवत टाकले आणि उशीर झाला म्हणून तसाच आलो.

संध्याकाळी मला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जायचे होते. रथसप्तमी उलटली असली, तरी इथले हळदीकुंकू यजमानांच्या सवडीने होते. घरी जाऊन साडी नेसायला वेळ नव्हता. टोपी आणि जाकीट गाडीत टाकले, पण दाराशी गेल्यावर पायांचे काय ते उमगले. या बुटांना नाड्या नसतात, कारण घोड्यावरून पडणाऱ्याचा पाय रिकिबीत अडकलाच, तर बुटातून सहज निसटून यावा. घोड्यावरून पडल्यावर सहज निघणारा तो बूट, दिवसभर सुजलेल्या पायातून सोफ्यावर बसून काही केल्या निघेना. मैत्रिणीने टाच धरली, तिच्या जावेने मला मागून काखेत धरले. मैत्रिणीच्या सासूबाईंनी तेवढ्यात माझ्या गळ्यातल्या बोलो टायचे पदक हातात घेऊन निरखले आणि ‘‘हे कसलं गं डोरलं? तिकडच्या बाजूचं का?’’ असे विचारले. तिकडची बाजू म्हणजे कोणती, हे मी विचारले नाही.

अखेर त्यांनीच सूत्रे हाती घेतली. ‘‘पाय ताठवू नकोस, अंगठा सैल सोड, आणि मी सांगेन तेव्हा मागे हो,’’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या सूचनांवर माझा श्वास ज्या लयीत चालू लागला, ते पाहून कोणालाही वाटले असते, की घरात सुईण आली आहे. ‘भप्प’ असा आवाज करून बूट निघाला. सासूबाईंनी तो उभा धरून आत डोकावून पाहिले, यात सहज दोन किलो ज्वारी मावेल, असा अंदाज सांगितला आणि दुसऱ्या पायाकडे वळल्या. तो मात्र त्यांनाही दाद देईना. शेवटी ‘‘राहू दे गं, देवघरात जायचं नाही एवढं बघ,’’ अशी सवलत मिळाली आणि मी एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत हळदीकुंकू, तिळगूळ आणि स्टीलची चाळणी घेतली.