लिहिण्याची परवानगी फक्त काकांना

ऑडिटच्या ऑफिसात सप्टेंबर महिन्यात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, खेकसतात. ३० तारखेच्या आत टॅक्स ऑडिटचे रिपोर्ट अपलोड करायचे असतात, क्लायंटनं निम्मी बिलं अजून दिलेली नसतात, आणि मुदतवाढ येणार ही अफवा रोज दुपारच्या चहाबरोबर येते नि चहाबरोबरच संपते. अशा महिन्यात आमच्या सरांना सुधारणा सुचली.

निमित्त ऑडिट ट्रेलचं. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुठली नोंद कधी नि काय बदलली याचा माग राहिला पाहिजे, आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम झाला. ऑडिटरनं ते तपासून रिपोर्टात तसं लिहायचं. सर क्लायंटांना यावरून उठसूट दम भरत असत. त्यातल्या एकानं फार गरिबीनं विचारलं, "सर, तुमच्याकडे कसं करता?"

आमच्याकडे अख्खं ऑफिस एकाच लॉगिनवर चालायचं. त्याचं नाव 'ऑफिस', आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. फाइलमध्ये कोणी काय बदललं हे शोधायचं झालं तर सगळ्यांचे चेहरे वाचावे लागत. सर त्या दिवशी जेवले नाहीत. रविवारी हार्डवेअरवाल्या मुलाला बोलावून त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन करून घेतलं आणि सोमवारी सकाळी ऑफिसात कोणालाच काही सेव्ह करता येईना.

आमचा सर्व्हर म्हणजे झेरॉक्स मशीनच्या मागे ठेवलेला एक साधा पीसी. त्यावर कागद चिकटवलाय : 'बंद करू नये. विचारूनही बंद करू नये.' त्याच्यावर 'ऑडिट' नावाचं शेअर केलेलं फोल्डर, आणि त्या फोल्डरात आमचा सगळ्यांचा संसार. सोमवारी ते फोल्डर उघडत होतं. फाइली दिसत होत्या, वाचता येत होत्या, प्रिंटसुद्धा निघत होती. ताळेबंदात एक आकडा बदलून सेव्ह केलं की मात्र खिडकी यायची : ॲक्सेस डिनाइड. आमच्या आजीच्या फडताळात कैरीच्या लोणच्याची बरणी असे, काचेची, कुठूनही दिसेल अशी, आणि ती वाढेल तेवढंच खायचं, बरणीला हात लावायचा नाही. नेटवर्कच्या भाषेत आम्हा नातवंडांना रीड होतं, राइट नव्हतं.

त्या खिडकीत एक 'ट्राय अगेन' नावाचं बटण असतं. ते बटण कोणी आणि कशासाठी ठेवलंय ते मला आजवर समजलेलं नाही. पण आमच्या नव्या आर्टिकलनं, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात उमेदवारी करणाऱ्या मुलीनं, त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकला. सकाळी दहापासून ती मन लावून ते दाबत होती. मी म्हटलं, "अगं, नाही म्हणतंय ना ते?" तर म्हणाली, "ताई, आमच्या सोसायटीची लिफ्ट अशीच येते."

खिडकीतला सल्लाही ठरलेला : आपल्या नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. आता हे गृहस्थ कोण? सरांच्या मते हार्डवेअरवाला. हार्डवेअरवाल्याच्या मते "ते तुमच्याकडचंच कोणीतरी असणार ना ताई." ज्या ऑफिसात पगाराच्या यादीवर ॲडमिनिस्ट्रेटर नसतो, तिथे एकदा कधीतरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढलेल्या माणसाला ते पद आपोआप मिळतं. तो कागद मी काढला होता.

एका फाइलीवर तर कहर झाला. हा बदल करायला अमुक व्यक्तीची परवानगी लागेल, असं लिहून आलं आणि त्या अमुकच्या जागी माझंच नाव. मी स्वतःला परवानगी देऊन पाहिली. मोठ्यानंही दिली. समोरच्या टेबलावरचा आर्टिकल खुर्ची मागे सरकवून बसला.

हार्डवेअरवाल्याला फोन लावला तेव्हा तो कुठल्या तरी दुकानात शिडीवर चढून सीसीटीव्ही बसवत होता. पहिला प्रश्न, "रीस्टार्ट केलंत का?" केलं होतं. दुसरा प्रश्न पहिल्यासारखाच. तिसऱ्यांदा म्हणाला, "संध्याकाळी येतो." कुठल्या दिवशीच्या, ते सांगितलं नाही.

तोवर सरांनी स्वतः मैदानात उडी घेतली. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे 'रीड-ओन्ली'चा चौकोन भरलेला. "हे बघा! साधी गोष्ट. बघायचं कोणी नाही या ऑफिसात." त्यांनी चौकोन रिकामा केला, अप्लाय केलं, हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. सर विजयी मुद्रेनं केबिनमध्ये गेले. पुन्हा उघडून बघतात तर चौकोन भरलेला. तो तसाच दिसणार. फोल्डरच्या बाबतीत तो चौकोन आतल्या फाइलींपुरता असतो, फोल्डरात कोणी लिहायचं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पण हे सरांना सांगणार कोण? संध्याकाळपर्यंत केबिनमधून माउसचे टिचटिच आवाज येत होते.

दुपारी उलगडा झाला की ऑफिसात एका माणसाला लिहिता येतंय. ते म्हणजे आमचे काका. काका चहा आणतात, बँकेत जातात आणि कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर बिलं स्कॅन करून 'ऑडिट'मध्ये टाकतात. सकाळपासून त्यांनी दोन क्लायंटांची बिलं चढवलीही होती. "मला कुठं काय अडतंय?" ते म्हणाले.

पंधरा मिनिटांत काकांच्या टेबलाशी पेनड्राइव्हची रांग लागली. बी.कॉम., एम.कॉम., सीए इंटर झालेली पोरं, हातात पेनड्राइव्ह, तोंडावर लाचार हसू. "काका, एवढं ऑडिटमध्ये टाकता?" आधी काका टाकत होते. मग त्यांना आपल्या पदाची जाणीव झाली. "याचं नाव काय दिलंय? 'फायनल'. आणि आतमध्ये आधीच एक 'फायनल' आहे, एक 'फायनल खरं' आहे. यातलं कुठलं पुसू?"

"पुसू नका काका!"

"मग नाव नीट घालून आणा. क्लायंटचं नाव, वर्ष, तारीख. असलं काही मी आत घेणार नाही."

गेली कित्येक वर्षं मी फाइलींना नीट नावं द्या म्हणून कानीकपाळी ओरडत होते. कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. काकांनी ते एका दुपारीत करून दाखवलं. चार वाजता ते चहाला उठले तेव्हा कामकाज थांबलं, आणि चहा आणायचा असतो तो त्यांनाच, हे लक्षात आल्यावर एक आर्टिकल धावत जाऊन काकांसाठी चहा घेऊन आला.

पण काकांनाच का जमत होतं? हार्डवेअरवाल्यानं रविवारी त्यांच्या मशीनला हात लावला नव्हता, "स्कॅनिंगच्या मशीनला कशाला नवं लॉगिन?" म्हणून. त्यांचा पीसी अजून जुन्या 'ऑफिस' लॉगिननंच आत जात होता. म्हणजे वायर ठीक, डिस्क ठीक, भानगड माणसांच्या नावांची. मी झेरॉक्स मशीन सरकवून सर्व्हरसमोर बसले.

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला परवानगीच्या दोन वेगळ्या याद्या असतात. 'शेअरिंग'ची एक आणि 'सिक्युरिटी'ची एक. शेअरिंगची यादी जुन्या काळातली, फॅट पद्धतीच्या डिस्कवर फाइलनिहाय परवानगी लिहायची सोयच नव्हती तेव्हापासूनची. एनटीएफएस ही डिस्कवर फाइली ठेवायची नवी पद्धत १९९३मध्ये आली, सोबत प्रत्येक फाइलीची स्वतःची यादी आली, पण जुनी यादी काही गेली नाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही याद्या लागू, आणि दोन्हींत जी कडक तिचं चालणार. एका यादीनं सगळं दिलं आणि दुसरीनं नुसतं वाचायला दिलं, तर वाचा आणि गप्प बसा. एका खात्याचा शिक्का असून दुसऱ्या खात्यानं अडवलेला माणूस हे वाचून हसणार नाही, मान डोलावेल.

शेअरिंगच्या यादीत दोनच ओळी होत्या. 'ऑफिस'ला फुल कंट्रोल, 'एव्हरीवन'ला रीड. हे 'एव्हरीवन – रीड' कोणी मुद्दाम लावत नाही. पूर्वी नवं शेअर केलं की सगळ्यांना सगळंच मिळायचं, विंडोज सर्व्हर २००३च्या सुमारास ते आवळून नुसतं वाचण्यापुरतं केलं. मी 'स्टाफ' ग्रुपला चेंज, म्हणजे लिहायची परवानगी, दिलं. सिक्युरिटीच्या यादीत 'स्टाफ'ला मॉडिफाय होतंच. सगळ्यांना लॉग ऑफ होऊन परत यायला लावलं, कारण माणूस कुठल्या ग्रुपात आहे हे लॉगिनच्या क्षणी ठरतं, नंतर तुम्ही कितीही ग्रुप बदला, त्याला पत्ता नसतो. नव्या आर्टिकलनं सेव्ह केलं. ॲक्सेस डिनाइड. तिनं माझ्याकडे न बघता 'ट्राय अगेन' दाबलं.

मग मी माझ्या मशीनवरून सरांच्या लॉगिननं जायला गेले, तर एकाच सर्व्हरवर एकाच वेळी दोन नावांनी येता येणार नाही म्हणून वेगळीच खिडकी. आधीचं कनेक्शन तोडावं लागतं, किंवा सर्व्हरला नावानं न बोलावता त्याच्या आकडी (आयपी) पत्त्यानं बोलवायचं, म्हणजे तो आपल्याला ओळखत नाही आणि दुसऱ्या नावानं आत घेतो. तसं केलं. सरांच्या नावानंही नकार! सर मागे उभे होते. "म्हणजे माझ्याच ऑफिसात मला परवानगी नाही?" यावर काय बोलायचं असतं हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं नाही.

शेवटी हार्डवेअरवाला आला. त्याच्याकडे जगातल्या सगळ्या फोल्डरांवर एकच औषध आहे. दोन्ही याद्या उघडल्या, 'एव्हरीवन', फुल कंट्रोल, ओके. "आता रस्त्यावरच्या माणसालाही लिहिता येईल, ताई." मी सेव्ह केलं. ॲक्सेस डिनाइड. त्या मुलाला मी पहिल्यांदाच गप्प बघितलं. त्यानं रीस्टार्टसुद्धा सुचवलं नाही.

सिक्युरिटीच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा एक टॅब असतो. फार कोणी तिकडे फिरकत नाही. तिथे माणसाचं नाव टाकलं की सगळा हिशेब करून त्याला खरंच काय काय करता येईल ते मांडून दाखवतं. माझं नाव टाकलं. वाचण्याच्या ओळींवर हिरव्या खुणा, लिहिण्याच्या ओळींवर लाल फुल्या. सरांचं टाकलं. तेच. मग मूळ यादीत जाऊन पहिल्या ओळीपासून नीट वाचत बसले, आणि सगळ्यात वरचीच ओळ होती : डिनाय, 'आर्टिकल्स', राइट. डिनायचं, म्हणजे मनाईचं, असं आहे की ते एकाच पातळीवरच्या सगळ्या अलाऊंना, म्हणजे परवानग्यांना, भारी पडतं. एव्हरीवनला द्या, स्टाफला द्या, मालकाला द्या, एक डिनाय लागू असेल तर बाकीचे कागद फाडून टाका.

ती ओळ बघताच मला सगळं आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोसमात स्वतंत्र लॉगिनचा प्रयोग झाला होता. तेव्हाच्या एका आर्टिकलनं सरांच्या ट्रायल बॅलन्सवर मागच्या वर्षीची ट्रायल बॅलन्स सेव्ह केली. सरांनी त्याला फैलावर घेतलं, आणि त्याच रात्री स्वतः बसून सगळ्या आर्टिकल्सची लिहिण्याची परवानगी काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून काम ठप्प झालं, म्हणून 'ऑफिस' हे सामाईक लॉगिन निघालं आणि प्रयोग संपला. आर्टिकल आज मोठा सीए आहे. डिनाय मात्र फोल्डरात तसंच राहिलं. रविवारी हार्डवेअरवाल्यानं जुने ग्रुप तयार दिसले म्हणून सगळी नावं भराभर सगळ्या ग्रुपांत टाकली. माझं "अडायला नको" म्हणून, आणि सरांचं सरांनीच सांगितलं म्हणून : "मला सगळीकडे ठेव. मालक आहे मी."

ओळ काढली. सेव्ह झालं. एव्हरीवनचं फुल कंट्रोलही मी लगेच काढून टाकलं, रस्त्यावरच्या माणसाची तूर्त गरज नव्हती.

"हे डिनाय लावलं कोणी?" सरांनी विचारलं.

सगळे स्क्रीनकडे बघू लागले. "जुनी ओळ आहे, सर," मी म्हटलं. "कोणी लावली त्याची यात नोंद राहत नाही."

"बघा! म्हणून मी घसा फोडून सांगत असतो, माग राहिला पाहिजे!" आणि ते ताठ मानेनं केबिनमध्ये गेले.

हार्डवेअरवाल्यानं जाता जाता बिल दिलं, 'नेटवर्क दुरुस्ती'. मी ते स्कॅन करून स्वतःच्या लॉगिननं थेट 'ऑडिट'मध्ये टाकलं. खिडकी नाही, काही नाही. खुशीत चहाचा कप उचलते तोच मागून काका आले.

"ताई, ते बिल तुम्ही टाकलंत का?"

"हो. आता टाकता येतं मला."

"ते दिसलं. तारीख नाही घातली नावात." आणि उभेच राहिले, मी घालेपर्यंत.