पंख कापलेत, मग हार्नेस कशाला? – एक खुलासा

"पंख कापलेला पक्षी उडत नाही, त्याला हार्नेस लागत नाही, फार तर पायात साखळी अडकवा," असा मेसेज पक्षी पाळणाऱ्यांमध्ये फिरतोय (हार्नेस म्हणजे पक्ष्याला बाहेर नेताना छाती-पाठीभोवती बसवायचा, दोरी जोडलेला पट्टा). यातलं काहीही खरं नाही.

पिसं कापलेला कॉकटील (तुरेवाला छोटा परदेशी पोपट) सुद्धा वाऱ्याच्या झोतावर समोरच्या गच्चीपर्यंत तरंगत जातो. शिवाय कापलेली पिसं गळून नवी येतात, आणि मालकाला ते कळतं तोवर स्वारी झाडावर असते. साखळीचं तर नावच नको. मागून हॉर्न वाजला, पक्षी दचकून झेपावला, की सगळा हिसका त्या काडीएवढ्या पायावर बसतो आणि हाड मोडतं. हार्नेसमध्ये तोच हिसका छाती-पाठीवर वाटला जातो.

पण हार्नेस आवळायचा नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर हलवून ते श्वास घेतात. तिथेच पट्टा घट्ट बसला तर पक्षी गुदमरतो. सवय घरातच लावा, बाजरीचं कणीस पुढे धरून, घाई न करता. (पहिल्या दिवशी तो पट्टाच कुरतडणार, हे गृहीत धरा.) दोरीचं टोक मनगटात हवं. घार मात्र हार्नेस बघून थांबत नाही, तेव्हा नजर वर ठेवा. बजरीगरसारख्या (बजी) चिमुकल्या पोपटाला छोटा पिंजराच बरा.

हे सगळं परदेशी जातींबद्दल. आपला देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हार्नेससकट.