ब्लॉक आयलंडच्या लोकांनी ते जहाज बुडवलं नाही, जाळलंही नाही

डिसेंबर आला की एक मजकूर फिरू लागतो. १७३८ च्या नाताळात 'पॅलाटाइन' नावाचं, जर्मन स्थलांतरितांनी भरलेलं जहाज अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडजवळच्या ब्लॉक आयलंड बेटापाशी आलं. बेटावरच्या लोकांनी खोटे दिवे दाखवून ते किनाऱ्यावर आपटवलं, माणसं मारली, माल लुटला आणि जहाज पेटवून समुद्रात ढकललं. आत एक बाई किंचाळत राहिली. तेव्हापासून दर वर्षी नाताळ ते नववर्ष या दिवसांत तिथे जळतं जहाज दिसतं, असं त्यात म्हटलेलं असतं. जहाज खरंच फुटलं आणि माणसं खरंच मेली. पण ज्यांनी वाचलेल्यांना खाली उतरवलं त्यांनाच या मजकुरात खुनी ठरवलंय, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी नाव. जहाज 'प्रिन्सेस ऑगस्टा'. त्यावरचे प्रवासी ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट प्रांतातले, म्हणून लोक त्याला 'पॅलाटाइन जहाज' म्हणू लागले. पुढे जॉन ग्रीनलीफ व्हिटियर या कवीने १८६७ मध्ये 'द पॅलाटाइन' ही कविता लिहिली. खोटे दिवे, लूट आणि आग यांची गोष्ट त्या कवितेमुळे घरोघरी पोचली. जहाज फुटल्यावर नोंदवलेल्या खलाशांच्या मूळ जबान्या सापडल्या १९२५ मध्ये आणि पुन्हा छापून आल्या १९३९ मध्ये. म्हणजे गोष्टीला कागदपत्रांपेक्षा अर्ध्या शतकाहून जास्त मोकळं रान मिळालं.

"माणसं बेटावर मारली." बहुतेक माणसं बेट दिसण्याआधीच गेली होती. ऑगस्टमध्ये रॉटरडॅमहून निघताना जहाजावर हे प्रवासी आणि कॅप्टन जॉर्ज लाँगच्या हाताखाली १४ खलाशी होते. पिण्याचं पाणी दूषित निघालं आणि ताप-हगवणीची साथ पसरली. अशा जहाजावर ही साथ आवरत का नाही, ते समजून घ्या. पाणी लाकडी पिपांतलं, प्यायला दुसरं पाणी नाही. माणसं दोन डेकांच्या मधल्या बुटक्या जागेत एकमेकांना खेटून झोपलेली, धुवायला गोडं पाणी नाही. हगवणीने अंगातलं पाणी जातं, तहान वाढते, आणि तहान भागवायला पुन्हा तेच पीप. सुमारे २०० प्रवासी दगावले, निम्मे खलाशीही गेले, त्यांत खुद्द कॅप्टन होता.

आता उरलेल्यांचा हिशेब करा. जेमतेम सात माणसांनी शिडं आवरायची, सुकाण धरायचं, गळक्या जहाजातलं पाणी उपसायचं, आणि तेही आळीपाळीने. तीन महिने वादळी हवा आणि जहाज वाट सोडून उत्तरेकडे ढकललं गेलेलं. कॅप्टननंतर ताबा घेतलेल्या फर्स्ट मेट (कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी) अँड्र्यू ब्रुकने उरलेलं अन्न प्रवाशांना पैसे घेऊन दिलं, असं त्याच्याच खलाशांच्या जबान्यांत आहे. या जहाजाला बुडवायला बेटावरच्या कोणाची गरज नव्हती.

"खोटे दिवे दाखवले." १७३८ मध्ये इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींत एकच दीपगृह होतं, १७१६ चं बॉस्टनचं. ब्लॉक आयलंडच्या उत्तर टोकाला दीपगृह आलं १८२९ मध्ये. मग नकली दिवा कोणत्या खऱ्या दिव्याची नक्कल करणार? शिवाय अनोळखी किनाऱ्यावर रात्री उजेड दिसला तर खलाशी जहाज लांब नेतो, कारण उजेड म्हणजे जमीन. जहाज लागलं ते बेटाच्या उत्तर टोकाला, सँडी पॉइंटला. तिथे वाळूचा दांडा पाण्याखालून पुढे गेलेला आहे, आणि त्या दिवशी, २७ डिसेंबरला, हिमवादळ होतं. कंदील कितीही मोठा असला तरी दाट पडणाऱ्या बर्फात त्याचा उजेड लांबवर पोचत नाही.

"लुटलं आणि सोडून दिलं." हा आरोप तर सरळ उलटा आहे. प्रवाशांना जहाजावर ठेवून सगळे खलाशी घेऊन होडीने किनारा गाठला तो ब्रुकने. दुसऱ्या दिवशी त्याचं मन वळवून प्रवाशांना उतरवलं ते बेटकऱ्यांनी. प्रवाशांचं सामानही ब्रुकने जहाजावरच ठेवलं होतं, तेही नंतर बेटकऱ्यांनीच काढून आणलं. उतरल्यावर सुमारे वीस जण दगावले, त्यांना बेटावर पुरलं. त्या जागी १९४७ मध्ये दगड बसवला आहे. वाचलेल्यांपैकी बहुतेक मुख्य भूमीकडे गेले, दोघं मात्र बेटावरच कायमची राहिली. आप्तांचे खुनी शेजारी असते तर ती तिथे संसार मांडायला थांबली असती का?

"जाळलं." त्या काळच्या एकाही कागदात आगीचा उल्लेख नाही. जहाज वाचवण्याजोगं नव्हतं म्हणून समुद्रात सोडलं, असं बहुतेक वृत्तांत सांगतात. बेटावर लाकडाची टंचाई होती, पुढे लोक चुलीत पीट (दलदलीतली वाळवलेली, जळाऊ माती) जाळत. अशा जागी फळ्या, दोर आणि लोखंडी खिळे कोणी आगीत घालेल हे पटत नाही. कोणी बाई आत राहून गेली असेल का? ही शक्यता पूर्ण झटकता येत नाही. पण माणसांना आत ठेवून आधी किनारा गाठणारा कोण होता, ते वर आलंच आहे.

राहिला तो जळत्या जहाजासारखा भासणारा उजेड. पाहणारे होते, ते खोटं नाही. बेटावरच्या डॉ. एरन विली यांनी १८११ च्या पत्रात त्याचं वर्णन केलंय: कधी दूरच्या खिडकीतल्या दिव्याएवढा, कधी सगळी शिडं उभारलेल्या जहाजाएवढा उंच. पण तो कोणत्याही ऋतूत दिसतो, असंही तेच लिहितात. नाताळचा मुहूर्त नंतर चिकटला, आणि तो तारखेलाही जुळत नाही. इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदलून ११ दिवस गाळले. जबान्यांतला २७ डिसेंबर जुन्या मोजणीचा आहे. प्रवाशांच्या गावी, ऱ्हाईनकाठी, नवं पंचांग आधीच लागू होतं. तिथे त्या दिवशी ७ जानेवारी १७३९ होती.