एका बावडेकरांना उत्तर: ‘पहिल्याच वेळी सगळं का नाही कापलं?’

क्रोन्सच्या आजारावरच्या (आतड्याला वारंवार सूज आणि व्रण आणणारं जुनाट दुखणं) माझ्या लेखाखाली ‘एक बावडेकर’ या नावानं आलेली प्रतिक्रिया थोडक्यात अशी: “सिस्टर, हा लेख नव्हे, सर्जन लोकांची जाहिरात आहे. माझ्या मेव्हण्याला आधी नऊ महिने टीबीच्या गोळ्या चारल्या. मग वीतभर आतडं कापलं. आठ वर्षांनी पुन्हा तेच दुखणं, पुन्हा टेबलावर. हराळी मुळासकट काढावी लागते हे आमच्या गड्याला कळतं, डॉक्टरला कळत नाही. तेव्हाही कापत होते, आताही कापतात. बदललं काय?”

दादा, आधी माझी चूक कबूल करते. ‘शस्त्रक्रियेनं कायमची सुटका’ हे लेखाचं शीर्षक मीच दिलं होतं आणि ते खोटं आहे. ऑपरेशननं क्रोन्स बरा होत नाही. शीर्षक आज बदललं. आठ वर्षं घरच्या माणसाचं पोट धरून बसणं पाहिलेल्याला ते वाचून राग येणारच.

पण हराळीचं तुमचं म्हणणं सोडवत नाही, कारण सर्जन लोकांच्याही डोक्यात अनेक वर्षं नेमकं तेच होतं. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन छापलं. (क्रोन स्वतः सर्जन नव्हतेच. ऑपरेशनं बर्ग नावाच्या सर्जनची, नाव मात्र लागलं फिजिशियनचं. ऑपरेशन थिएटरात आयुष्य घालवलेल्या बाईला हे जरा टोचतं.) तेव्हा समजूत अशी की आजार लहान आतड्याच्या शेवटच्या तुकड्यापुरता आहे, तेवढा काढला की काम झालं. पुढं कळलं की तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही उगवतो आणि जिथं आतडं जोडलं, तिथं तर हमखास.

मधे एक काळ असा आला की आजारी भागाला हातच लावायचा नाही. पुणे-बेंगळूर हायवे कोल्हापूर शहराला वळसा घालून जातो ना, तसा अन्नाला बाजूनं रस्ता काढून द्यायचा. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं जून १९५६ मधलं ऑपरेशन याच पद्धतीचं. ते त्यातून उठले आणि त्याच वर्षी निवडणूकही जिंकले. पण सगळेच इतके नशीबवान नव्हते. आत ठेवलेला भाग धुमसत राहायचा, पू व्हायचा, काहींना वर्षांनंतर त्यातच कॅन्सर निघाला. म्हणून पुन्हा कापणं आलं, आणि या वेळी तुमच्या गड्यासारखं: दोन्ही बाजूंनी निरोगी दिसणारं आतडंही भरपूर काढायचं, मूळ राहायला नको.

यानं फायदा होतो का, हे क्लीव्हलंडच्या फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी नीट तपासलं. १३१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटात आजारी भागापलीकडं फक्त २ सेंटिमीटर कापायचं, दुसऱ्यात १२. १९९६ साली निकाल छापला: आजार उलटण्यात म्हणावा असा फरक नाही. कापलेल्या कडेला सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसला, तरीही नाही.

म्हणजे दादा, हराळी त्या वाफ्यात नव्हतीच, अख्ख्या रानात होती. चार फूट माती उपसून टाकली तर हराळी जाईल, पण मग ऊस कशात लावणार? लहान आतडं साधारण सहा मीटर. दोन मीटरच्या आत आलं की खाल्लेलं अंगी लागणं अवघड होतं आणि काहींना शिरेतून पोषण घेत जगावं लागतं. तुमच्या मेव्हण्याचं पहिल्याच वेळी ‘सगळं साफ’ केलं असतं, तर दुसऱ्या वेळी कापायला काय उरलं असतं?

आता टीबीच्या गोळ्या. तुमचा राग समजतो, पण लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं, तीच जागा दोन्ही आजारांच्या आवडीची. दुर्बिणीतून दिसतातही इतके सारखे की तुकडा तपासूनही कधीकधी कोडं सुटत नाही. आणि आपल्या मुलखात टीबी काही पाहुणा नाही. टीबीला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर ते जिवावर बेततं. नऊ महिने ढकलायला नको होते, आराम पडत नाही हे दोन-तीन महिन्यांत दिसायला हवं होतं; इथं मी तुमच्या बाजूनं आहे.

पण याच टीबीनं क्रोन्सवाल्यांवर एक उपकार केला, आणि लेखात तो सांगायचा राहिला. टीबीनं आतडं जागोजागी आवळतं. प्रत्येक आवळ कापत बसलं तर आतडं संपेल. मग आपल्याकडच्या सर्जननी, कटारिया आणि सहकाऱ्यांनी, १९७७ मध्ये न कापता आवळ रुंद करण्याची रीत छापली. लांबीत चीर द्यायची आणि टाके आडवे घालायचे. जागा बोटभर आखडते, पण रुंद होते. ऑक्सफर्डच्या एमॅन्युएल ली यांनी १९८२ मध्ये तीच क्रोन्सला लावली. तोवर ‘आजारी आतड्यावर टाका धरणार नाही’ हाच धाक होता. टाका धरला. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ट्रेमध्ये कापलेला तुकडाच आला नाही, आणि मी वेड्यासारखी विचारलं, “सर, स्पेसिमेन?” सर नुसते हसले.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल लेखात सांगितलंच आहे, पण ऑपरेशनची वेळ कधी येते याबद्दल एक राहिलं. ऑपरेशन म्हणजे औषधं हरली, असं आता मानत नाहीत. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या १४३ रुग्णांत आतड्याच्या शेवटच्या छोट्या भागापुरता आजार असताना दुर्बिणीनं ऑपरेशन आणि इन्फ्लिक्सिमॅब या सूज आवरणाऱ्या औषधाचं इंजेक्शन यांची तुलना केली. २०१७ चा निकाल: वर्षभरानं दोन्हींकडचे सारखेच बरे. पुढची पाचेक वर्षं पाहिलं, तर इंजेक्शनवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालंच. ऑपरेशनवाल्यांत आतडं दुसऱ्यांदा कुणाचंच कापावं लागलं नाही.

मेव्हण्यांचं तसं झालं नाही, हे खरंच. म्हणून विचारते: पहिल्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी कुणी सांगितली होती का? आजार पोटात दुखायच्या कितीतरी आधी जोडावर दिसू लागतो आणि तेव्हाच औषध वाढवलं तर पुढचं बरंच टळतं. बिडी-सिगारेट आहे का? असेल तर आजच बंद. बी-१२ ची सुई चालू आहे का? ते जीवनसत्त्व आतड्याच्या त्याच शेवटच्या भागातून शोषलं जातं, जो त्यांचा काढलाय. तांबडा रस्सा यात गुन्हेगार नाही; आवळ असेल तर उसाचा चोथा आणि कणसं मात्र अडकतात.

आणि दुसऱ्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद काढून बघा. किती कापलं ते लिहिलेलं असेलच. किती उरलंय हे मोजून लिहिलंय का, तेवढं मला कळवा. नसेल, तर पुढच्या भेटीत सर्जनना तेच पहिलं विचारा.