वाडे पानशेतनं नेले म्हणे!

दरवर्षी १२ जुलै आला की तोच मजकूर फिरतो: ‘पेशवाईतलं पुणं १९६१ पर्यंत जसंच्या तसं उभं होतं, पानशेतचं धरण फुटलं आणि एका दिवसात सगळे वाडे गेले.’

पुरानं नदीकाठच्या पेठांची दैना केली, यात वाद नाही. वाड्याचं जोतं दगडी, सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा आणि मधल्या भिंती बहुधा माती-विटांच्या. तासन्‌तास पाण्यात राहिल्यावर माती फुगते, भिंत बसते. शनिवार, नारायण पेठेत असे कित्येक वाडे बसले. अनेक कुटुंबं तिथून सहकारनगर, गोखलेनगरला गेली ती परतलीच नाहीत.

पण ‘जसंच्या तसं’? खुद्द शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, धरणाच्या कितीतरी आधी. आज दिसतात ते तटबुरूज, दरवाजे आणि जोती. विश्रामबाग वाड्याचा काही भाग १८७९ मध्ये जळाला, त्याच वेळी बुधवार वाडाही गेला. लाकडी शहराला पाण्यापेक्षा आगीनं आधी गाठलं.

बरं, पुरानं सगळे वाडे नेले तर शनिवारवाड्याच्या शेजारचा नाना वाडा कसा उरला? आणि भवानी पेठ, नाना पेठ तर नदीपासून लांब. तिथले वाडे कुणी नेले?

खरा घाव हळूहळू बसला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. वाड्याच्या आतल्या एका चौकाभोवती बिऱ्हाडं दाटीवाटीनं, भाडं नाममात्र. त्यात कौलं परतायचा खर्चसुद्धा निघेना. मालक म्हणणार ‘भाडं वाढवा’, भाडेकरू म्हणणार ‘आधी गळती थांबवा’. पुढच्या पिढीत दहा-बारा वारस, कोर्टात दावे, तुळईला वाळवी. मग बिल्डर आला आणि दोन्ही बाजूंना फ्लॅट देऊन मोकळा झाला. यात खलनायक शोधायला जाऊ नका. पडक्या जिन्यावरून म्हाताऱ्या आईला उतरवणाऱ्याला वारसा जतन करण्याचे सल्ले देणं सोपं असतं. पाणी एका दिवसात ओसरलं, ही पडझड मात्र अजून चालू आहे.

त्या मजकुरासोबत ‘उरलेला पेशवेकालीन वाडा’ म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतही गफलत असते. गॅलरीला नक्षीदार बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कठडा मुळातलाच असेल, तर तो वाडा बहुधा इंग्रजी अमदानीतला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जुना आहेच, पण पेशव्यांनी तो पाहिलेला नाही.