टेंट गळका नाहीये दादा, दव पडलंय (एका कमेंटला लांबलचक उत्तर)

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. राग आलाय ते कळतंय, एवढे पैसे घालून सकाळी ओल्या स्लीपिंग बॅगमधे जाग आली तर कोणालाही येईल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादांनी माझा हलक्या सोलो टेंटवरचा लेख वाचून एका ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा सिंगल वॉल (म्हणजे एकाच कापडाचा) टेंट घेतला, नोव्हेंबरात साल्हेर किल्ल्यावर गंगासागर तळ्याच्या अगदी काठाला लावला, थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी बंद करून झोपले आणि सकाळी आतून पाणी टपकत होतं. म्हणजे टेंट गळका. शिवाय पेग (टेंटच्या खुंट्या) दगडात घुसेनात, एक तर वाकलाच. आणि मग शेवटचा टोला, "हे सगळे फॉरेनवाल्यांचे चोचले आहेत ताई, आमचे लोक गुहेत नि देवळात झोपून सगळे किल्ले फिरले, आणि टेंटच पाहिजे तर तीन-चार हजारातला डोम काय वाईट आहे, किलो-दीड किलोसाठी एवढी उधळपट्टी कशाला? आता विकायला काढतोय."

आधी पाण्याचं बघू. त्या रात्री पाऊस नव्हता हे तुम्हीच लिहिलंय, मग गळलं काय? गळका टेंट शिवणीपाशी गळतो, एका ठिकाणी, तिथनं ओघळ येतो. तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत सगळ्या कापडावर बारीक थेंब होते आणि हात लागला की सरकन खाली येत होते, हे दव आहे दादा. आकाश निरभ्र असलं की टेंटचं पातळ कापड रात्री आपली उष्णता वर फेकत बसतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, मग हवेतली वाफ त्याच्यावर जमते, बाहेरून पण आणि आतून पण. त्यात तुम्ही रात्रभर आत श्वास सोडताय, ओले मोजे आत वाळत घातलेत, चेनी सगळ्या बंद, आणि बाजूला अख्खं तळं. यापेक्षा ओली जागा साल्हेरवर शोधून सापडली नसती, खरंच.

तळ्याकाठचा फोटो भारी येतो हे मान्य, पण झोपायला पाण्यापासून लांब आणि थोडं उंचावर जायचं. खोलगट जागेत गार हवा साचते, ती टाळायची. आसपास झाड असेल तर त्याच्या आडोशाला, कारण वर फांद्या असल्या की कापड एवढं गार पडत नाही, सकाळी फरक हाताला कळतो (वाळकी फांदी डोक्यावर नाही ना हे मात्र आधी बघा, आणि मधमाश्यांचं पोळंही). बाहेरचं दार निम्मं तरी गुंडाळून ठेवायचं (जाळीचं मात्र लावलेलं), ज्या बाजूला वारा नाही ती बाजू, वरची खिडकी कधीच बंद करायची नाही आणि कापडाची खालची कड जमिनीपासून चार बोटं वर राहील असा पोल लावायचा. थंडी वाजली तर कपडा वाढवा, बाहेरच्या दाराची चेन बंद करू नका. हे सगळं करूनही नोव्हेंबरात थोडं दव येणारच, त्यासाठी एक जुना पंचा ठेवायचा आणि उठल्या उठल्या आतून पुसून घ्यायचं. डबल वॉलमधे (दोन थरांच्या टेंटमधे) हे होत नाही असं नाही हं, तिथेही बाहेरच्या कापडाला आतून पाणी धरतंच, फक्त मधे जाळी असते म्हणून ते तुमच्या अंगावर येत नाही. एवढ्यासाठी दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त उचलायचे का हा ज्याचा त्याचा हिशोब.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी ताठ लावलेला टेंट रात्री लोंबायला लागला आणि पायाशी बॅगला चिकटला. तुमचं कापड सिलनायलॉन आहे, म्हणजे सिलिकॉन चढवलेलं नायलॉन, आणि नायलॉन ओलं झालं की पाणी पितं आणि सैल पडतं, त्याचा स्वभावच तो. पॉलिएस्टरचं कापड एवढं सैलावत नाही, म्हणून हल्ली बऱ्याच कंपन्या सिलपॉली वापरायला लागल्यात. पण तुमच्याकडे जे आहे त्यात उपाय साधा आहे, झोपायच्या आधी बाहेर जाऊन दोऱ्या एकदा ओढून घ्यायच्या आणि पोल बोटभर वाढवायचा. आणि पावसाळ्याच्या आधी शिवणी बघा, सिलनायलॉनला नेहमीची टेप चिकटत नाही, त्यामुळे अशा बऱ्याच टेंटना शिवणीवर सिलिकॉन सीलर आपल्याला लावावा लागतो, घरी दोन तासांचं काम आहे.

आता पेग. सह्याद्री म्हणजे काळा बेसॉल्ट, वर वीतभर माती असली तरी नशीब, कातळ लागला की पेग वाकणारच, दगडाने ठोकून तर नक्कीच. तिथे पेग ठोकायचाच नसतो. दोरी लांब करायची, दीड-दोन मीटर तरी (नाशकात रविवार कारंजाला हार्डवेअरच्या दुकानात बारीक नायलॉनची दोरी मिळते, कंपनीची आखूड दोरी काढून ती बांधा), तिच्या टोकाला पेग आडवा बांधायचा, तो जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्यापुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला, दोरीवर एक मोठा जड दगड बसवायचा. टेंटने ओढलं की आडवा पेग त्या दगडाच्या पाठीला अडकतो आणि जेवढं जास्त ओढेल तेवढा जास्त घट्ट बसतो. दगडाची कड धारदार असेल तर दोरी घासून तुटते, तिथे मधे कापडाची घडी नाहीतर जुना मोजा घाला. फक्त एक हात जोडून विनंती, तटबंदीचे पडलेले घडीव दगड उचलायचे नाहीत. साधे धोंडे पुष्कळ असतात.

हे सगळं पहिल्यांदा गडावर अंधारात करायला जाऊ नका, गच्चीवर करा. पेगच्या जागी पाण्याने भरलेले कॅन ठेवले की टेंट मस्त उभा राहतो, मग आत मॅट टाकून आडवे व्हा आणि पाय नि डोकं कापडाला लागतंय का बघा. कागदावरची लांबी जमिनीची असते, भिंती तिरक्या आणि वर तुमची जाड मॅट, त्यामुळे पावणेसहा फुटाच्या माणसाला २१५ सेंटिमीटरचा टेंटही तोकडा वाटू शकतो. वजनाचंही तसंच, छापील वजनात बऱ्याचदा पेग, दोऱ्या, पिशवी धरलेली नसते. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर सगळं एकत्र ठेवून बघा.

"फक्त किलो-दीड किलो" म्हणालात ना, तिथेच माझं तुमच्याशी पटत नाही. दोन माणसांचा साधा डोम, म्हणजे वाकवलेल्या पोलवर आपला आपण उभा राहणारा घुमटासारखा टेंट, अडीच किलोच्या आसपास भरतो, तुमचा पेगसकट किलोभर. मधला दीड किलो म्हणजे दीड लिटर पाणी! मार्चनंतर सेलबारी-डोलबारीच्या डोंगररांगेत एकट्याने जा, साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड असं फिरत, कुठल्या टाक्यात पाणी असेल आणि असलं तर पिण्यासारखं असेल का याचा भरवसा नाही, दिवसाला तीन-चार लिटर सहज लागतं आणि ते पाठीवर असतं. मी टेंट हलका घेते तो पाणी जास्त नेता यावं म्हणून, पाठ रिकामी मिरवायला नाही. शिवाय डोमचे पोल लांब, ते सॅकला बाहेर बांधले की अलंग-मदन किल्ल्यांच्या कातळात नेमके अडकतात.

म्हणजे डोम वाईट का, तर नाही. चौघं मिळून भंडारदऱ्याला गाडीने जाताय, गाडीपासून पन्नास पावलांवर लावायचाय, तर खुशाल डोम घ्या, मी पण घेईन. कातळावर तो पेगशिवाय उभा राहतो हाही फायदाच. पण उभा राहिला म्हणजे टिकला असं नाही, वळवाच्या वाऱ्यात रिकामा डोम चेंडूसारखा घरंगळत कड्याकडे जातो, त्यालाही दगड बांधावेच लागतात. आणि जून ते सप्टेंबर त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर मी कुठलाच टेंट सांगणार नाही, इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माथ्यावर तो आडवा येतो. तेव्हा पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी पडवीत झोपावं, पिठलं-भाकरी खावी, पैसे द्यावेत.

राहिलं गुहेचं. गुहेत झोपायला मलाही आवडतं, धोडपची असेल, हरिहरवरच्या त्या दोन खोल्या असतील. पण "आमचे लोक" म्हणताना त्या लोकांत एकटी बाई बहुतेक तुमच्या डोळ्यापुढे नसते. शनिवारी रात्री गुहेत आधीच पंधरा पोरांचा ग्रुप आणि मोठा स्पीकर असेल तर तुम्ही कोपऱ्यात पथारी टाकाल, मी नाही टाकणार. मला माझी चेन लावता येणारी जागा हवी असते, आणि जाळीची ती चेन विंचू-फुरशालाही बाहेर ठेवते, ते वेगळंच. याला चोचले म्हणायचं तर म्हणा.

पैशाचं मी वाद घालत नाही. बाहेरून मागवलेला टेंट कस्टम ड्यूटी धरून महाग पडतोच, लुनार सोलो, एक्स-मिड वगैरेंची किंमत बघून माझ्याही पोटात गोळा येतो. वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्याने घ्या, नाहीतर मित्राचा मागा. महिन्या-दोन महिन्याला एकटे चालत असाल तरच तो वसूल होतो.

आणि हो, साल्हेर २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे पुढच्या वेळी मुक्कामाला जाण्याआधी साल्हेरवाडीत आणि वनखात्याकडे परवानगीचं विचारून घ्या.

तुमचा टेंट विकायची घाई नको. आधी तो पूर्ण वाळवा, ओला तसाच पिशवीत कोंबला असेल तर आजच बाहेर काढा, सावलीत दोरीवर टाका, उन्हात नको, उन्हाने नायलॉन कुजतं. मग तळं सोडून एखाद्या झाडाखाली दार उघडं ठेवून एक रात्र काढून बघा. तरीही नकोच वाटला तर मला आधी सांगा, माझी एक मैत्रीण असा टेंट शोधतेच आहे, फक्त तुम्ही कमेंटमधे लिहिलीये ती किंमत वाकलेल्या पेगसकट कोणी देणार नाही.